दोन स्टेपन्या होत्या, दुसरी बसेना: कॅम्पर ओढत नऊ महिने

जानेवारीत ॲडलेडमध्ये सेकंडहँड ऑफ-रोड कॅम्पर घेतला, म्हणजे गाडीमागे ओढायचा, कच्च्या रस्त्यांसाठीचा राहायचा ट्रेलर. ओढायला टोयोटाची प्राडो 150. आतापर्यंत साधारण 11,000 किलोमीटर झाले, त्यातले निम्म्याहून जास्त मातीच्या रस्त्यांवर. कॅम्परची गादी, किचन, तंबू यांवर इथे काही लिहीत नाही, ते सगळं ठीक आहे. स्टेपनीवर लिहितोय, कारण जुलैत तिने आमचे दोन दिवस आणि बऱ्यापैकी पैसे खाल्ले. आणि ज्या चुकीमुळे हे झालं ती मला वाटतं बहुतेकांच्या गाडीत आज आहे.

घेताना डीलरने सांगितलं होतं, "गाडीची आणि कॅम्परची चाकं सारखीच आहेत, एकमेकांना चालतात." मी तपासलं तेही इतकंच: टायरचं माप 265/65 आर 17, दोन्हीकडे सहा नट, स्टडचं (हबमधून बाहेर येणाऱ्या, नट बसणाऱ्या बोल्टचं) वर्तुळ 139.7 मिलिमीटर. जुळलं. म्हणजे प्राडोच्या मागच्या दारावर एक स्टेपनी, कॅम्परच्या मागच्या ब्रॅकेटवर दुसरी, आणि दोन्ही कुठेही लागणार. जुलैच्या शाळेच्या सुट्टीत बायको आणि मुलाला घेऊन दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या ऊडनाडट्टा ट्रॅकला निघालो.

हा रस्ता मारीपासून मार्लापर्यंत, 600 किलोमीटरच्या वर, जुन्या घान रेल्वेच्या कडेकडेने जातो. ती लाइन 1980 मध्ये बंद झाली. मारी हे उंटवाल्यांचं गाव होतं. अफगाणिस्तानातून आणि तेव्हाच्या हिंदुस्थानातून आलेल्या माणसांनी इथून आतल्या भागात रसद पोचवली, मातीची मशीद बांधली. वाटेतल्या कावर्ड स्प्रिंग्जला खजुराची झाडं आजही आहेत. तिथे मुलगा झऱ्याच्या पाण्यातून बाहेर यायला तयार नव्हता, इतकं छान ठिकाण आहे.

तिथे पोचायच्या आधीच पहिला टायर गेला होता. समोरून आलेल्या कॅरॅव्हॅनवाल्याने यूएचएफ रेडिओच्या चॅनल 40 वर सांगितलं, "पांढरी प्राडो, तुमच्या ट्रेलरचं डावं चाक बघा." तोपर्यंत मला काहीही कळलं नव्हतं. गाडीचा टायर बसला तर स्टिअरिंग सांगतं, ट्रेलरचा टायर काहीच सांगत नाही, आणि आरशात नुसता धुरळा असतो. उतरून पाहिलं तर साइडवॉल, म्हणजे टायरच्या बाजू, रिमपासून सुटून चिंध्या झालेल्या, आतल्या तारा बाहेर, आणि जवळ जाववत नाही इतकी धग. कॅम्परची स्टेपनी लावली. गाडीच्या पान्याने कॅम्परचे नट निघाले, पण पाना थोडा सैल बसत होता आणि एका नटाचे कोपरे गेले. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी विल्यम क्रीक सोडून तीसेक किलोमीटर झाले आणि कॅम्परचा उजवा टायर गेला. या वेळी लवकर कळलं, कारण मी दर दहा मिनिटांनी थांबून बघत होतो. साइडवॉलला बोटभर चीर होती. ट्रेडमधलं, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागातलं, भोक प्लग घालून बुजवता येतं, साइडवॉलचं नाही. हरकत नाही, प्राडोची स्टेपनी आहे म्हणून दारावरून काढली, कॅम्परच्या हबवर चढवली. सहाही स्टड भोकांतून बाहेर आले. आणि नट बसेनात.

आता नीट वाचा, कारण सगळा मुद्दा इथे आहे.

प्राडोचं चाक अलॉयचं. त्याच्या नटाला खाली नळीसारखा दांडा असतो, तो भोकात शिरतो, आणि वरचा सपाट वॉशर चाकावर दाबून बसतो. कॅम्परचं चाक पोलादी. त्याचा नट खालून निमुळता, शंकूसारखा, आणि रिमच्या भोकाला तसाच उतार असतो, नट त्या उतारात रुतून चाक मधोमध धरतो. हा निमुळता नट अलॉयच्या रुंद, सरळ भोकात घातला तर तो धरणार कशाला? कडेवर टेकतो, घट्ट झाल्यासारखा वाटतो, आणि चाक हाताने हलवलं की हलतं. मग प्राडोचे नट कॅम्परच्या स्टडवर घालून पाहिले. दोन आटे फिरले आणि अडले. प्राडोचा स्टड 12 मिलिमीटरचा, 1.5 पिचचा (म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर 1.5 मिलिमीटर). कॅम्परचा अर्ध्या इंचाचा. पाना सैल बसण्याचं कारणही हेच, कॅम्परचा नट 13/16 इंची आणि पाना 21 मिलिमीटरचा.

म्हणजे धडधाकट, हवा भरलेली स्टेपनी हातात आणि ती लावता येत नाही. बायको म्हणाली, "अरे, सहाच्या सहा भोकं जुळतायत ना?" जुळत होती. तेवढंच जुळत होतं.

कॅम्पर कडेला लावला आणि पोलादी रिम डिकीत टाकून मागे फिरलो. विल्यम क्रीकला आमच्या मापाचा टायर नव्हता. तिथून कूबर पीडी 160 किलोमीटरच्या वर. रात्र तिथे काढली, सकाळी टायर बसवून घेतला आणि परत आलो. कॅम्पर होता तसाच होता, कोणी हात लावला नव्हता. येणारे-जाणारे चौकशी करायला मात्र थांबले होते, एकाने तर दारात पाण्याचा कॅन ठेवला होता. त्या माणसाचे आभार मानायला तो कधी भेटला नाही.

घरी आल्यावर अजून एक सापडलं. कॅम्परच्या मागच्या स्टेपनी ब्रॅकेटला वेल्डिंगपाशी केसाएवढी चीर. पन्हाळीच्या पत्र्यासारख्या रस्त्यावर तीसेक किलोचं चाक टोकाला लटकून तासन्‌तास हादरत राहिलं की हे होणारच. डीलरकडे गेलो, वॉरंटीचे दोन महिने बाकी होते. उत्तर आलं, "कच्च्या रस्त्यावरचा वापर वॉरंटीत येत नाही." ज्या कॅम्परच्या दोन्ही बाजूंना ऑफ-रोड असं फूटभर अक्षरांत लिहिलंय, तो ज्याने विकला तोच हे सांगतो! "चाकं एकमेकांना चालतात" हे वाक्यही त्याला आठवत नव्हतं. मी तीन ईमेल लिहिली, मग सोडून दिलं. पण त्याचा राग अजून गेलेला नाही. असा माल घेऊन लोक टॅनामी किंवा गिब रिव्हर रोडसारख्या दुर्गम कच्च्या रस्त्यांवर लेकराबाळांसह जातात.

ऑगस्टमध्ये सगळं बदललं. ट्रेलरच्या वर्कशॉपमध्ये हबचे स्टड बदलून 12 मिलिमीटरचे घेतले. नवीन अलॉय घ्यायची गरज नाही. हौशी लोक प्राडो 150 ची मूळ चाकं काढून विकतात, मला तशी तीन 240 डॉलरला मिळाली. दोन कॅम्परला, एक स्टेपनीला. आता गाडीची चार, कॅम्परची दोन, स्टेपन्या दोन, आठही चाकं हुबेहूब, नट एकच, पाना एकच. एक सावधगिरी: पोलादी चाकांचा ऑफसेट (हबला टेकणारी बाजू चाकाच्या मध्यापासून किती बाहेर आहे ते अंतर) शून्य होता, प्राडोच्या अलॉयचा अधिक, त्यामुळे चाक आत सरकतं. टायर आणि सस्पेन्शनच्या आर्ममध्ये किती जागा उरते ते वर्कशॉपकडून मोजून घ्या. आमच्याकडे उरली, प्रत्येक कॅम्परला उरेलच असं नाही.

मागचं ब्रॅकेट काढून टाकलं आणि दुसरी स्टेपनी कॅम्परच्या पुढे, गाडीला जोडणाऱ्या ड्रॉबारवर घेतली. गाडीच्या टो-बॉलवरचं (कॅम्पर अडकवायच्या गोळ्यावरचं) वजन वाढलं, ते पुन्हा तोललं आणि पुढच्या पेटीतलं सामान मागे हलवून कॅम्परच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास आणलं. छपरावर स्टेपनी ठेवायचा सल्ला पुष्कळ जण देतात. मी एकदा ठेवून पाहिली. खाली उतरवताना खांदा दुखावला, आणि बायकोला एकटीला ती उतरवता येणं शक्यच नाही. जी स्टेपनी घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला काढता येत नाही ती मी धरतच नाही. छपरावर फक्त रिमशिवायचा एक जादा टायर बांधला, मनाच्या समाधानासाठी.

इथपर्यंतचं ऑगस्टअखेर लिहून ठेवलं होतं. तेव्हाचं माझं मत होतं: दोन स्टेपन्या आणि वर एक सुटा टायर, याहून कमी नको.

ऑक्टोबर: हे मत बदललंय.

सप्टेंबरअखेर बर्ड्‌सव्हिल ट्रॅक केला, मारी ते बर्ड्‌सव्हिल 517 किलोमीटर. तिथले गिबर दगड तांबूस, वाऱ्याने गुळगुळीत झालेले, पण फुटले की कडा सुरीसारख्या. जाण्याआधी दोन गोष्टी केल्या होत्या. एक, हवा. जुलैत मी डांबरी रस्त्यावरचीच 38 पीएसआय ठेवून 90 ने चाललो होतो, आणि दोन टायर त्यानेच गेले, हे आता मान्य करतो. टणक टायर दगडावर दबत नाही, कापला जातो. या वेळी गाडीत 28, कॅम्परमध्ये 26, आणि वेग 70 च्या वर नाही. कमी हवेवर वेग वाढवला तर टायर आतून तापतो, तेव्हा दोन्ही बरोबरच पाळायचं. दोन, व्हॉल्व्हवर बसणारे टायर प्रेशरचे सेन्सर, सहाही चाकांना. रबरी व्हॉल्व्ह त्या वजनाने हलून तुटू शकतात, म्हणून धातूचे बसवून घेतले.

वाटेतल्या मुंगेरॅनीच्या पुढे सेन्सर वाजला. कॅम्पर, डावं चाक, 26 वरून 21, मग 19. थांबलो. ट्रेडमध्ये अंगठ्याच्या नखाएवढा दगडाचा कपचा उभा रुतलेला, त्याच्या कडेने सुस्कारा ऐकू येत होता. मुलाने थुंकी लावून बुडबुडे दाखवले. पक्कडने कपचा ओढला, दोन प्लग घातले, कॉम्प्रेसर लावला. चहा उकळेपर्यंत 26 झाले. त्याच टायरवर बर्ड्‌सव्हिल गाठलं आणि त्याच टायरवर घरी आलो.

जुलैत हाच दगड लागला असता तर टायरच्या चिंध्या झाल्यावर कळलं असतं. सेन्सरचा संच 230 डॉलरला पडला, तेवढ्यात एक टायरही येत नाही.

छपरावरचा सुटा टायर उतरवला, गॅरेजमध्ये आहे. दोन स्टेपन्या राहणार. मात्र दोघींवरचा चार आकडी तारखेचा शिक्का (टायर बनल्याचा आठवडा आणि साल) बघितला तर दारावरची आठ वर्षांची निघाली. बिनवापराची दिसत होती, पण साइडवॉलला बारीक भेगा होत्या. ती बदलली. चाक बसवलं की नट 50 किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचे, हे काम आता मुलाकडे आहे, आणि तो विसरत नाही.

तुमच्याकडे कॅम्पर असेल तर या शनिवारी अर्धा तास काढा. अंगणात जॅक लावा, गाडीची स्टेपनी कॅम्परला आणि कॅम्परची गाडीला खरोखर चढवा, नट पूर्ण आवळा, चाक हाताने हलवून बघा.