डिप्लोमानंतर डायरेक्ट सेकंड इयर, महाडीबीटीचा फॉर्म आणि दादरचं ते दुकान (५ पैकी ४ स्टार)

दादर स्टेशनजवळ झेरॉक्स, लॅमिनेशन आणि ऑनलाईन फॉर्म असं सगळं एकत्र करणारं छोटंसं दुकान आहे, दोन कॉम्प्युटर आणि एक फॅन तोही आवाज करणारा, पण माझं काम झालं म्हणून लिहितेय.

मुलीचा डिप्लोमा झाला आणि कॅपमधून (सरकारची केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) डायरेक्ट सेकंड इयर इंजिनिअरिंगला दुसऱ्या कॉलेजात नंबर लागला. आम्ही ओबीसी, उत्पन्न ८ लाखांच्या आत, म्हणजे २०२४-२५ पासून मुलींना ट्यूशन आणि परीक्षा फी १०० टक्के माफ आहे त्यात ती बसते. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलं असतं तर काहीच नसतं मिळालं. नव्या कॉलेजच्या क्लार्कला विचारलं तर म्हणे "जुनीच स्कॉलरशिप रिन्यू करा", आम्ही घरी महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या स्कॉलरशिपच्या साईटवर, दोन रात्री बसलो पण हवी ती योजनाच दिसेना.

दुकानातल्या दादांनी प्रोफाईल उघडलं आणि दोन मिनिटांत म्हणाले, "ताई, हिचा डिप्लोमा अजून चालूच दाखवतोय." म्हणजे जुना कोर्स पूर्ण झालाय असं टाकायचं, मार्क भरायचे, मग नवीन कोर्स सेकंड इयर म्हणून जोडायचा आणि अर्ज नवाच करायचा, रिन्यूअल नाही, कारण कोर्सच बदललाय. एवढं साधं कुणी सांगितलंच नव्हतं हो!

दुसरं म्हणजे बँक. पैसे आधारला जोडलेल्या खात्यातच येतात आणि आधार एका वेळी एकाच बँकेला जोडलेलं असतं. कन्येने मधे मोबाईलवरून नवीन खातं उघडलं होतं, आधारच्या साईटवर बघितलं तर तेच जोडलेलं निघालं आणि त्यात झीरो बॅलन्स, वापरतही नाही. मी तर पासबुक जुन्याच बँकेचं घेऊन गेले होते 🤦‍♀️

सबमिट दाबायच्या आधी त्यांनी सगळा फॉर्म मोठ्याने वाचून दाखवला, नॉन क्रिमीलेअर दाखल्याची तारीखसुद्धा बघितली. घेतले १५० रुपये, प्रिंटचे वेगळे. आमच्या इथला एक जण ५०० मागत होता आणि "होईल होईल" करत होता.

एक स्टार कापला तो गर्दीसाठी. टोकन वगैरे भानगड नाही, मधेच कोणी पॅनकार्डवाला घुसतो आणि आपण बसून राहतो, मी पावणेदोन तास होते, बसायला स्टूल एकच.

अर्ज आता तपासणीसाठी कॉलेजच्या लॉगिनला पडलाय, पुढे समाजकल्याणवाल्यांकडे की कुठे ते बघू.

जाताना कॅपचं अलॉटमेंट लेटर, जातीचा दाखला, जातीची व्हॅलिडिटी, उत्पन्नाचा दाखला, डिप्लोमाची शेवटची मार्कशीट घेऊन जा, आणि आधारला जो मोबाईल नंबर आहे तो फोन घरी ठेवू नका. आमचा तिच्या बाबांचा नंबर होता, ते कुर्ल्याला मीटिंगमध्ये, तीनदा ओटीपी फुकट गेला.