बुऱ्हाणपूर दाखवणारे रिक्षावाले गाईड: पैसे वसूल, पण मिर्झाराजेंची छत्री आधी सांगून ठेवा

बुऱ्हाणपूर आमच्या जळगाव जिल्ह्याला खेटून. भुसावळहून खांडव्याकडे जाणारी गाडी पकडायची, रावेर मागे पडलं की आलंच. तरी आमच्याकडची माणसं तिथे जातात ती दर्ग्याला, नात्यात लग्नकार्याला, नाहीतर मावा जिलेबी खायला. शहर बघायला म्हणून गेलेला माणूस विरळाच. मी शाळेत भूगोल शिकवायचे, त्यामुळे तिथल्या पाण्याच्या व्यवस्थेविषयी फार वर्षांपासून मनात होतं. धाकट्या बहिणीला घेऊन गेले आणि लॉजवाल्याने गाठून दिलेल्या रिक्षावाल्या भाऊंबरोबर दिवसभर फिरले. रिक्षा तेच चालवतात, माहितीही तेच देतात. दोन्ही मिळून १,५०० रुपये ठरले, तिकिटं आपली आपण काढायची.

सगळ्यात आधी त्यांचं कौतुक एका गोष्टीसाठी करायचं आहे. गाईड लोक इथे मुमताजपासून सुरुवात करतात. या भाऊंनी आम्हाला सकाळी सकाळी थेट लालबाग भागात कुंडी भंडाऱ्यावर, म्हणजे मोगलकाळातल्या भुयारी पाणीव्यवस्थेवर नेलं. आत जायच्या आधी खाली बसून काटकीने मातीत एक वाकडी रेघ ओढली, तिच्याखाली दुसरी, आणि मध्ये ओळीने टिंबं. "ताई, ये सातपुडा, ये तापी. अब बारिश का पानी कहाँ जाएगा?" मी इतकी वर्षं फळ्यावर भूजल शिकवलं, पण यापेक्षा सोपी आकृती मला कधी जमली नव्हती.

ती टिंबं म्हणजे कुंड्या. सातपुड्याच्या उतारावर मुरलेलं पाणी जमिनीखालून तापीकडे सरकत असतं. त्या वाटेत आडव्या खणलेल्या भुयाराने ते अडवायचं आणि बेताच्या उतारावरून शहरात आणायचं. ना मोट, ना रहाट. भुयारावर ठरावीक अंतराने विहिरीसारखी तोंडं ठेवलेली, हवा खेळायला आणि गाळ काढायला. अशी शंभराहून अधिक तोंडं आहेत. ही इराणी पद्धत. अब्दुर्रहीम खानखानाच्या सुभेदारीत, १६१५ च्या सुमारास हे काम झालं. दोह्यांमुळे आपल्याला माहीत असलेला रहीम तो हाच, आणि त्याच्या आयुष्याचा मोठा काळ या शहरात गेला.

लिफ्ट सुरू होती, म्हणून खाली उतरता आलं. वर उन्हाचा चटका आणि खाली एकदम गारवा. भिंतीवर हात ठेवला तर दगड लागेना. पाण्यातल्या चुन्याचे थरावर थर बसून भिंती पांढऱ्या, खडबडीत झाल्या आहेत. पायाशी नितळ पाणी, दोन्ही बाजूंना अंधारात गेलेलं भुयार. भाऊ तिथे काही बोलले नाहीत, आम्हाला बघू दिलं. वर आल्यावर मात्र माझ्या प्रश्नांना न कंटाळता उत्तरं दिली आणि पुढच्या कुंड्यांची तोंडं रांगेत दाखवत नेलं. एवढ्या एका तासासाठीसुद्धा मी त्यांना पूर्ण पैसे दिले असते.

एकदा हे पाणी कळलं की शहर तिथेच का वसलं आणि एवढं का वाढलं ते उलगडत जातं. उत्तरेकडून दख्खनेत उतरायची वाट सातपुड्याच्या ज्या खिंडीतून येते तिच्यावर असीरगडाचा पहारा, आणि डोंगर उतरून आलं की तापी ओलांडायची जागा. खानदेशच्या फारुकी सुलतानांनी इथे राजधानी केली आणि खुलदाबादला ज्यांची कबर आहे त्या सुफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचं नाव शहराला दिलं. १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती पडला आणि त्यानंतर मोगलांची दख्खनेतली सगळी उठाठेव या गावातून चालली. १६१५ मध्ये इंग्रज राजदूत टॉमस रो जहांगीराच्या दरबाराकडे निघाला तोसुद्धा आधी इथे थांबून शहजादा परवेझला भेटला.

जामा मशिदीत भाऊंनी चपला काढायच्या आधीच सांगून ठेवलं होतं की आत संस्कृत शोधा. फारुकींच्या काळातली ही मशीद, आणि आत अरबी लेखाबरोबर संस्कृत शिलालेख कोरलेला. बहिणीने देवनागरी अक्षरं एकेक करत लावली. गावातल्या गर्दीत, यंत्रमागांच्या खडखडाटात असं काही दडलं असेल असं बाहेरून वाटत नाही.

शाही किल्ल्यातल्या हमामखान्याबद्दल (स्नानगृहाबद्दल) मात्र माझी तक्रार आहे. छतावरची रंगीत नक्षी अजून शिल्लक आहे, ती मान वर करून नीट बघावी अशी आहे. तिथे त्यांनी एक आकृती दाखवून "यावरूनच ताजमहाल सुचला" असं ठासून सांगितलं. किल्ल्यातून असीरगडापर्यंत भुयार आहे हेही त्याच सुरात. पाण्याच्या भुयाराबद्दल इतकं नेमकं बोलणारा माणूस इथे ऐकीव गोष्टी इतिहास म्हणून का सांगतो, हे मला रुचलं नाही. मी तसं बोलूनही दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं, वाद घातला नाही. मुमताज १७ जून १६३१ ला याच शहरात बाळंतपणात गेली आणि आग्र्याला नेईपर्यंत तिचं दफन नदीपलीकडे जैनाबादच्या बागेत होतं, एवढी खरी हकीकतच पुरेशी आहे. तिला जोडकथांची गरज नाही.

दुपारी एका कापडाच्या दुकानापुढे रिक्षा थांबली. आम्हाला काही घ्यायचं नाही म्हटल्यावर लगेच पुढे निघाली, पण आधी विचारायला हवं होतं.

मराठी माणसाने इथे काय बघावं, हे त्यांच्या ठरलेल्या यादीत फारसं नाही. आपण काढलं तर मात्र त्यांना बरंच माहीत आहे. तटाजवळ मी मराठ्यांचे सरसेनापती हंबीरराव मोहित्यांचं नाव घेतलं आणि त्यांनी बहादूरपुऱ्याचा विषय सुरू केला. संभाजीराजांच्या राज्याभिषेकानंतर लगेच, जानेवारी १६८१ च्या अखेरीस मराठी फौजांनी ही तटाबाहेरची श्रीमंत पेठ तीन दिवस लुटली. व्यापाऱ्यांच्या पेढ्या तटाबाहेर का होत्या आणि आतली फौज बाहेर का पडली नाही, हे त्यांनी तिथे उभं राहून समजावलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात औरंगजेब स्वतः बुऱ्हाणपुरात आला, तो पुन्हा उत्तरेत परतला नाही. पुढे निजामाशी झालेल्या उदगीरच्या लढाईनंतर, १७६० मध्ये, हे शहर आणि असीरगड पेशव्यांकडे आले.

आणि मिर्झाराजे जयसिंह. पुरंदरच्या तहात ज्यांनी शिवाजी महाराजांकडून तेवीस किल्ले घेतले, त्यांचा शेवट २८ ऑगस्ट १६६७ ला बुऱ्हाणपुरात झाला. आग्र्याहून महाराज निसटल्यावर बादशहाची मर्जी उतरली, दख्खनेतून परत बोलावणं आलं आणि वाटेतच ते गेले. त्यांची छत्री, म्हणजे घुमटाचं स्मारक, गावाबाहेर बोहरड्याजवळ तापीकाठी आहे. शाळेत पुरंदरचा तह पाठ केलेल्या प्रत्येकाने ती बघायला हवी. भाऊंनी "दूर आहे, वेळ होईल" म्हणून टाळायचा प्रयत्न केला. मी हट्ट धरला, तेव्हा नेलं, वरचे पैसेही मागितले नाहीत. तिथे आम्ही तिघंच होतो. एवढी देखणी वास्तू, आणि जयसिंह कोण हे सांगणारी दोन ओळींची पाटीसुद्धा मला दिसली नाही, याचं फार वाईट वाटलं.

जेवणाची जागा त्यांनीच सुचवली, ठीक होती. मावा जिलेबी गरमच खा. घरी न्यायला दराबा ही मिठाई बरी, ती टिकते.

पाचपैकी चार गुण देईन. यांना किंवा अशाच कुणा स्थानिक माणसाला घेणार असाल तर आदल्या दिवशी फोनवर तीन गोष्टी ठरवा: छत्री यादीत हवी, दुकानं नकोत, आणि कुंडी भंडाऱ्याची लिफ्ट चालू आहे का ते त्यांनी आधी विचारून ठेवायचं. असीरगड याच दिवसात कोंबू नका. तो वीसेक किलोमीटरवर आहे, चढ आहे, त्याला वेगळा दिवस द्या. पाऊस संपल्यावर, दिवाळीच्या आसपास गेलात तर ऊनही सोसवतं.