शेतीसंरक्षणाची बंदूक ठेवायची की झटका कुंपण घालायचं?

परवान्याची मुदत संपत आली की आमच्या कोकणात हा प्रश्न निघतोच, नूतनीकरण करू की बंदूक डीलरला देऊन त्या पैशात कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणारं झटका मशीन बसवू. माझ्याकडे वडलांची सिंगल बॅरल बारा बोर वारसानं आलीय आणि भाताच्या कुणग्यांभोवती, म्हणजे छोट्या खाचरांभोवती, झटक्याची तारही आहे, त्यामुळे दोन्हीकडचं सांगतो, पटलं तर घ्या.

वानर-माकडांचा त्रास असेल तर बंदुकीला तोड नाही. नुसता हवेत बार काढला तरी टोळी डोंगराकडे पळते आणि थोडे दिवस फिरकत नाही. तारेचं त्यांना काय, ती आंब्यावरून माडावर जातात, खाली उतरतायत कशाला. रानडुकराचं उलट आहे. ते येणार रात्री, तुम्ही शेतातल्या राखणीच्या माळ्यावर जागे असलात तर ठीक, जरा डोळा लागला की सकाळी अख्खा कुणगा नांगरल्यासारखा. मारायचं म्हटलं तर वनखात्याची परवानगी लागते, म्हणजे एरवी बंदूक फक्त आवाजापुरतीच.

झटक्याचीही कटकट आहेच. पावसात गवत वाढून तारेला टेकलं की करंट जमिनीत जातो आणि डुक्कर आरामात आत, म्हणून खालची रांग सारखी साफ करावी लागते. बॅटरी चोरीला जाते ती वेगळीच. पण झोप मिळते.

आता माझं मन कशानं फिरलं ते सांगतो. आचारसंहिता. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करा म्हणून नोटीस येते. 2024 चंच बघा, लोकसभेची आचारसंहिता 16 मार्चला लागली आणि निकाल 4 जूनला, म्हणजे काजू आणि आंब्याचा सगळा सीझन त्यात गेला. मग विधानसभेची 15 ऑक्टोबरला लागली, निकाल 23 नोव्हेंबरला, ऐन भातकापणी. सरसकट सगळ्यांच्या बंदुका जमा करू नका, छाननी समितीनं एकेक प्रकरण बघावं, असं हायकोर्टानं सांगितलेलं आहे, पण त्या समितीकडे अर्ज घेऊन चकरा कोण मारणार, तेवढ्यात मतदान होऊन जातं. माझी परत मिळाली तेव्हा दस्त्याला सुतळीनं नावाची चिठ्ठी बांधलेली आणि नळीत तांबूस गंज, तेल लावून लावून घासली तरी डाग राहिलाच. आणि मधल्या काळात प्रचाराला आलेला प्रत्येक जण अंगणात बसून माकडांचा बंदोबस्त करतो म्हणून सांगून गेला!

परवानावाल्यांचा पुढाऱ्यांवर विश्वास नाही तो यामुळेच. शस्त्र कायद्यात 1983 मध्ये माणशी तीन शस्त्रांची मर्यादा आली, 2019 च्या दुरुस्तीत सरकार थेट एकावर आणायला निघालं होतं, ओरड झाली म्हणून दोनवर थांबलं, जास्तीचं हत्यार वर्षभरात जमा करा म्हणाले. लग्नाच्या वरातीत गोळी झाडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद ठेवली ते चांगलंच केलं, आणि परवाना तीनाचा पाच वर्षांचा झाला तो माझ्याही फायद्याचा, खोटं कशाला बोलू. पण गुन्हे होतात गावठी कट्ट्यानं, आणि कट्टेवाला काय पावती घेऊन ठाण्यात येतो? जो रजिस्टरमध्ये आहे त्यालाच नवा नियम. आमच्याकडची जुनी माणसं म्हणतात आज दोन, उद्या एक, परवा नळीत दारू ठासून उडवायची जुनी ठासणीचीही नको, आणि त्यांना खोटं पाडायला माझ्याकडे काही नाही. तिकडे कर्नाटकात कूर्गच्या कोडवा समाजाला परवान्यातूनच सूट आहे, 2029 पर्यंत वाढवून दिलीय, म्हणजे द्यायचं मनात असलं की देता येतं.

त्यामुळे ज्यांचं मुख्यतः भात आहे आणि त्रास डुकरांचा, त्यांनी माझ्या मते तारच घालावी, निवडणूक असो नसो ती बांधावरच राहते. वनखात्याच्या जन-वन विकास योजनेत सौर कुंपणाला अनुदान आहे, आपलं गाव बसतं का ते आधी वनखात्यात विचारा. नारळ-आंबेवाल्यांनी मात्र घाईनं परवाना सोडू नये, एकदा सोडलात की नवा मिळायला किती हेलपाटे पडतात ते माहितीच आहे. माझी मुदत आहे अजून, पण पुढच्या वेळी नूतनीकरणाचं चलन भरेन असं काही वाटत नाही.