छापील की विणलेला: रोजच्या वापराचा पातळ लोकरी स्कार्फ

मी दोन्ही वापरलेत. आधी छापील कोयऱ्यांचा, दोन हिवाळे. मग विणलेल्या चौकडीचा, तो अजून चालू आहे. दोन्ही शुद्ध लोकर, दोन्ही पातळ, लांबीरुंदीही जवळपास सारखी, त्यामुळे त्यात वेळ घालवत नाही. जाड मफलर नकोय, सकाळी निघताना गळ्यात टाकता येईल आणि आत गेल्यावर बॅगेत कोंबता येईल असं काहीतरी हवंय, पण अगदी प्लेन पण नको, अशा लोकांसाठी हे लिहितोय.

छापीलच्या बाजूचं आधी सांगून टाकतो, कारण पुढे त्याच्यावर थोडा अन्याय होणारे.

छापीलमधे आधी पांढरं किंवा फिकं कापड विणून घेतात, मग त्यावर डिझाइन छापतात, वाफेवर रंग पक्का करतात आणि धुऊन जादाचा रंग काढून टाकतात. विणताना डिझाइनची काही भानगडच नसते म्हणून कापड अगदी विरळ, साधं विणलं तरी चालतं, आणि हलकेपणा येतो तो तिथून. माझा घडी करून शर्टाच्या खिशात जायचा. खिसा फुगायचा, पण जायचा. आणि अंगावर पडायचा असा सुरेख की बास. मऊपणातही तोच पुढे होता, हे कबूल करायला हवं. लोकर छापण्याआधी बऱ्याचदा तिच्यावर क्लोरीनची प्रक्रिया करतात, म्हणजे तंतूवरचे बारीक खवले बोथट होतात आणि रंग नीट बसतो, माझ्याचा गुळगुळीतपणा बहुतेक त्यातलाच असावा.

डिझाइनचं तर विचारूच नका. वाकड्या शेंड्याची कोयरी, तिच्या पोटात अजून एक कोयरी, मधे पानं, सात-आठ रंग. हे साध्या मागावर विणून येत नाही, कारण तिथे रंगीत धागे उभे नाहीतर आडवे एवढंच करू शकतात, म्हणजे पट्टे किंवा चौकडी. (कोयरीला इंग्रजीत पेस्ली म्हणतात ते स्कॉटलंडमधल्या पेस्ली नावाच्या गावावरून. काश्मिरी शालींच्या नकला १९व्या शतकात तिथे ढिगाने विणल्या जायच्या आणि नाव पडलं ते नकलेच्या गावाचं. असो.)

वळसे विणूनच हवे असतील तर जकार्ड नावाचा माग आहे, त्यात प्रत्येक उभा धागा वेगळा उचलता येतो. दादाकडे त्यावर विणलेला एक स्कार्फ आहे, आठवडाभर घालून बघितला. पुढून अप्रतिम, पण ज्या रंगाचं काम पुढे नसतं तो धागा मागून मोकळा धावत असतो, आणि माझ्या घड्याळाच्या बकलने पहिल्याच दिवशी त्यातला एक ओढून काढला. दादाला अजून सांगितलेलं नाहीये. रोजच्या वापराला तो बाद.

तर मग छापील का सोडला? उलट्या बाजूमुळे.

घेताना मी ती बघितली होती, नाही असं नाही, थोडी फिकट आहे एवढंच वाटलं. रंग वरून दिलेला असतो, कापड पातळ असलं तरी तो पूर्ण आरपार जात नाही, त्यामुळे पुढे गडद मरून आणि मागे तोच मरून जणू वर्षभर उन्हात वाळत पडल्यासारखा. टेबलावर पसरून ठेवला तर कोणाला दिसणार आहे मागची बाजू. पण गळ्याला गुंडाळायला घेतलं की मजा सुरू होते, एक वेढा घेऊन टोक आतून ओढलं की ते हमखास पलटी खातं, ते सरळ केलं की दुसरं पलटतं, दोन्ही नीट बसवून बाहेर पडावं तर हलकं कापड म्हणून वाऱ्याने घडी उघडते आणि फिकी बाजू बाहेर. मधोमध लांबीत दुमडून घालायचा उपाय मला सांगितला गेला होता, तो गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत टिकतो.

एकदा लिफ्टमधे ऑफिसातल्या एका मुलाने विचारलं, "सर, स्कार्फ उलटा झालाय का तुमचा?" उलटा नव्हता, अर्धाच उलटा होता, पण हे लिफ्टमधे कोणाला समजावून सांगणार. त्यानंतर मला सवयच लागली, बूट घालून झाले की परत आत जाऊन आरसा. रोज. क्षुल्लक गोष्ट आहे मान्य आहे, कोणाला जाणवणारही नाही कदाचित, पण मला दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी तो घालायचाच कंटाळा यायला लागला आणि मी उघड्या गळ्याने फिरायला लागलो, म्हणजे स्कार्फ असून नसल्यासारखा.

अजून एक झालं, पण यात माझ्या दाढीचाही दोष असेल. हनुवटी जिथे घासते तिथे तंतू वर आले आणि रंग न पोचलेला आतला पांढरेपणा दिसायला लागला, पीठ सांडल्यासारखा. विणलेल्यावरही गोळे येतात, येत नाहीत असं नाही, पण ते धाग्याच्याच रंगाचे असतात, काढून टाकले की झालं.

विणलेल्यात धागाच आधी रंगवलेला असतो, म्हणजे फिकी बाजू हा प्रकारच नाही. आणि माझा ज्या विणीचा आहे ती टू-बाय-टू ट्विल, दोन धाग्यांवरून जायचं, दोनखालून जायचं, पुढच्या ओळीत एक धागा सरकायचं. हिशोब केलात तर लक्षात येईल की पुढे जेवढा धागा दिसतो तेवढाच मागे, फक्त तिरप्या रेघा दुसरीकडे झुकतात, ते कोणी बघत नाही. याच विणीत उभे-आडवे दोन्हीकडे चार गडद चार फिके असे धागे लावले की हाउंडस्टूथ म्हणतात ती दातेरी चौकडी आपोआप तयार होते, वेगळं डिझाइन काढावंच लागत नाही. मला हे कळलं तेव्हा उगाच फार आनंद झाला होता. धागा बारीक असला की चौकडीही बारीक होते, म्हणून पातळ स्कार्फवर ती जास्त शोभते असं माझं मत.

तोटे आहेत. छापीलपेक्षा थोडा जड, खिशात जात नाही. पहिले काही आठवडे जरा ताठ होता. रंग दोनच, लांबून नुसता करडा दिसतो, त्यामुळे "अरे वा, कुठून घेतलास" असं कोणी विचारत नाही. आणि टोकांचे गोंडे बॅगेच्या वेल्क्रोत अडकतात, ते मात्र खरंच डोक्यात जातं. पण सकाळी खुंटीवरून ओढायचा, न बघता गुंडाळायचा आणि निघायचं. कुठूनही कसाही पडला तरी तो सुलटाच असतो.

टोचण्याचं म्हणाल तर त्याचा छापील-विणलेल्याशी फार संबंध नाही, तो तंतूच्या जाडीचा प्रश्न आहे. साधारण ३० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वरचे तंतू जास्त असले की मान खाजते, मेरिनो जातीच्या मेंढीची चांगली लोकर त्याच्या बरीच खाली असते. हाताच्या तळव्याने मात्र तपासू नका, तिथे टोचलेलं कळतच नाही, सरळ गळ्याला लावून पाच मिनिटं उभं राहा. धुणं दोन्हीचं सारखंच, गार पाणी, पिळायचं नाही, सपाट वाळत घालायचा. हिवाळा संपला की न धुता ठेवू नका, कसरीच्या अळ्यांना घाम लागलेली लोकर जास्त आवडते.

तुम्ही गुंडाळत नसाल, नुसताच कोटाच्या आत दोन्ही बाजूंनी सोडत असाल, तर छापील खुशाल घ्या, माझी तक्रार तुम्हाला लागूच होत नाही. फिक्या पार्श्वभूमीचा घेतलात तर पुढच्या-मागच्यातला फरकही कमी दिसतो, मी गडद घेतला होता ही माझी चूक. फक्त घेण्याआधी उलटा करून बघा, आणि टेबलावर नाही, गळ्यात घालून.

माझा तो कोयऱ्यांचा आता बायको वापरते. ती खांद्यावरून पसरून एक पिन लावते, दिवसभर हलत नाही, आणि इतका छान स्कार्फ तू सोडलास कसा हे मला दर हिवाळ्यात एकदा तरी विचारते.