शब्दकोश-अ‍ॅपमधील ‘ग्लिया’ची नोंद : एक अभिप्राय
शरीररचनेच्या संज्ञांचे अर्थ आणि इतिहास सांगणारे एक शब्दकोश-अ‍ॅप मी काही आठवडे वापरत असून, त्यातील ‘ग्लिया’ ही नोंद मला सर्वांत मोलाची वाटली. चेतापेशींना साथ देणाऱ्या या पेशींचे नाव ‘सरस’ म्हणजे चिकटवण्याचा पदार्थ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे आणि जर्मन वैद्यकशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो यांनी १८५६ मध्ये ‘न्यूरोग्लिया’ ही संज्ञा वापरली, तेव्हा त्यांच्या मनात चेतापेशींना जोडून धरणारा पदार्थ होता, हे तिथे नेमकेपणाने सांगितले आहे. मात्र याच पेशी अक्षतंतूंभोवती (चेतापेशींच्या लांब तंतूंभोवती) मायलिन या चरबीयुक्त पदार्थाचे आवरण घालतात आणि मेंदूचे संरक्षणही करतात, म्हणजे जुने नाव त्यांच्या कामाला आता अपुरे पडते, याबद्दल नोंदीत अवघे एक वाक्य आहे. उच्चार ऐकण्याची सोय उत्तम आहे. माझी खरी तक्रार ‘श्वान पेशी’ या ग्लियाच्याच एका प्रकाराच्या नोंदीविषयी आहे. मराठी वाचकाला या शब्दाने प्रथम कुत्राच आठवतो, आणि हे नाव जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर श्वान यांच्यावरून पडले, याचा उल्लेखच तिथे नाही. विद्यार्थ्यांच्या हाती जाणाऱ्या कोशात ही उणीव मला फार खटकली.