आधी 'ड्यून' वाचावी की 'अर्थसी'?

विज्ञानकथा आणि अद्भुतकथा यांकडे नव्याने वळणाऱ्या वाचकाला मी दोन कादंबऱ्या सुचवतो: फ्रँक हर्बर्ट यांची 'ड्यून' (१९६५) आणि उर्सुला ले ग्विन यांची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (१९६८). दोन्हींत असामान्य शक्ती लाभलेला एक मुलगा आहे आणि त्या शक्तीची झळ इतरांनाही बसते, त्यामुळे केवळ कथानक विचारून निवड करता येत नाही. दोन्ही पुस्तकांचा स्वभाव कळतो तो पाण्याच्या दोन प्रसंगांतून.

अराकिस या वाळवंटी ग्रहावरील फ्रेमेन लोकांचा म्होरक्या स्टिलगार हा, ग्रहाचा नवा शासक आणि कथानायक पॉलचा पिता ड्यूक लेटो याच्या भेटीस येतो आणि त्याच्यासमोरच्या टेबलावर थुंकतो. उपस्थित उसळून उठू पाहतात, पण लेटोचा विश्वासू योद्धा डंकन आयडाहो त्यांना रोखतो, देहातला ओलावा भेट दिल्याबद्दल पाहुण्याचे आभार मानतो आणि स्वतःही थुंकतो. पाण्याच्या थेंबाथेंबाचा हिशेब ठेवणाऱ्या त्या ग्रहावर हा सन्मान आहे, हे वाचकाला तेव्हा उमगते. हर्बर्ट आधी बुचकळ्यात टाकतात आणि अर्थ मागाहून सांगतात. राजकारण, धर्म आणि वाळवंटाचे पर्यावरण यांची वीण घट्ट आहे, आणि विश्वासघात कोण करणार हे आधीच सांगूनही ताण सैल होत नाही. खलनायक बॅरन मात्र फारच एकरंगी उतरला आहे. शेवटी शब्दसूची आहे. पहिल्या पन्नास पानांत तिच्याकडे वळू नये, मी वळलो आणि कथेचा धागा दोनदा हातून सुटला.

'अर्थसी'मध्ये पाऊस कोसळत असतो. इतर जादूगार वादळ दुसरीकडे वळवतात, पण कथानायक गेडचा गुरू ओगियन पाऊस पडू देतो आणि एका झाडाखाली खुशाल आडवा होतो. शिष्य मात्र ठिबकणाऱ्या झुडपांत भिजत, धुसफुसत बसतो. शक्ती असूनही ती न वापरण्याचा हा धडा गेडला कळत नाही, आणि पुढे गर्वापोटी तो ज्या काळ्या सावलीला जगात मोकळे सोडतो तिच्यापासून पळण्यात आणि मग तिचाच पाठलाग करण्यात उरलेली कथा सरते. पुस्तक छोटे आहे, भाषा लोककथेसारखी संथ आहे. स्त्रियांना त्यात फारसे स्थान नाही, ही उणीव खरी. याच मालिकेतल्या 'तेहानू'मध्ये (१९९०) ले ग्विन स्वतःच त्या प्रश्नाकडे परतल्या.

अनोळखी शब्दांनी भरलेली पाने धीराने वाचण्याची सवय नसेल, तर 'अर्थसी'पासूनच आरंभ करावा. डावपेच आणि सत्तासंघर्षाची ओढ असलेल्याने 'ड्यून' सरळ हाती घ्यावी, पण नायकाचा विजय निर्भेळ वाटू लागल्यास पुढचा भाग 'ड्यून मसाया' (१९६९) वाचेपर्यंत मत बनवू नये.