मी गेले ५७ दिवस, सर्टिफिकेटवर ३८: बँकेच्या लीगल सेलमधली इंटर्नशिप

सर्टिफिकेट परवा आलं. इंटर्नशिप संपून तीन महिने उलटल्यावर, सहा मेल आणि दोन हेलपाटे घालून झाल्यावर. जाड कागद, सोनेरी पट्टी, सही-शिक्का सगळं झकास. आणि मधोमध लिहिलंय, ‘३८ दिवस’. मी गेले ५७ दिवस. माझ्याकडे तारीखवार वही आहे.

खरं सांगायचं तर ३८ काय आणि ५७ काय, कॉलेजच्या दृष्टीने काहीच फरक पडत नाही. तीन वर्षांच्या एलएलबीला बार कौन्सिलच्या नियमाने एकूण किमान १२ आठवडे लागतात आणि एका वर्षात सलग चार आठवड्यांच्या वर धरतच नाहीत. माझे आधीचे आठ भरलेत. म्हणजे माझं काम झालंय. पण १९ दिवस गेले कुठे? डोंबिवलीहून ते १९ दिवस लोकलला लटकून कोण गेलं होतं?

बँकेचं नाव लिहीत नाही. गोपनीयतेच्या कागदावर सही केली आहे आणि वकिली सुरू व्हायच्या आधीच नोटीस घ्यायची हौस नाही. मोठी बँक आहे, मुंबईत आहे, एवढं पुरे. जून मध्य ते ऑगस्टअखेर, सकाळचं कॉलेज करून अकराला हजर. स्टायपेंड शून्य, हे जाताना माहीत होतं, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार दाराबद्दल आहे.

लीगल सेल चौथ्या मजल्यावर. काचेचं दार, कार्ड टेकवल्याशिवाय आत येता येत नाही. बाहेर पडायला आतून बटण आहे. स्वच्छतागृह दाराच्या बाहेर, लिफ्टशेजारी. आणि इंटर्नला कार्ड मिळत नाही, कारण कार्ड एम्प्लॉयी कोडवर निघतं आणि इंटर्नला कोड नसतो. म्हणजे बाथरूमला गेलात की परत येताना काचेवर टकटक करत उभे. दाराजवळच्या टेबलावरचे सबस्टाफ (शिपाई) काका बहुतेक वेळा झेरॉक्सवर असतात. बाकीचे सगळे स्क्रीनमध्ये डोकं घालून. एकदा मी घड्याळ लावून अकरा मिनिटं उभी होते. पहिल्या आठवड्यात मी पाणी पिणंच कमी केलं. शेवटी एचआरला म्हटलं, कार्डाचे दीडशे-दोनशे काय होतील ते मी भरते. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जणू लॉकरची किल्ली मागितली.

रोजची सुरुवात मात्र खाली गेटवर. व्हिजिटर रजिस्टर. नाव, कुठून आलात, कोणाला भेटायचंय, कारण, येण्याची वेळ, जाण्याची वेळ, सही. सिक्युरिटीचे काका पहिल्या दिवशी ‘मॅडम’ म्हणाले, तिसऱ्या दिवसापासून ‘ताई’. पण रजिस्टर काही सुटलं नाही. ‘कारण’ या रकान्यात मी पहिल्यांदा ‘इंटर्नशिप’ लिहायचे, मग ‘काम’, शेवटी नुसते दोन टिंब.

कँटीनचंही तेच. स्टाफला थाळी ३५ रुपये, गेस्टला ११०. इंटर्न गेस्ट. मावशीचा डबा न्यायला लागले ते कायमचं. चहाचं मशीन फुकट होतं, पण पाणी-चहा म्हटलं की पुन्हा दार आलंच.

आता काम. पहिले पंधरा दिवस माझं मत होतं की ही कारकुनी आहे. सरफेसीच्या (थकलेल्या कर्जाचं तारण बँकेला कोर्टात न जाता ताब्यात घेऊ देणारा कायदा) कलम १३(२) च्या नोटिसांचे मसुदे: कर्जदार, जामीनदार, खातं एनपीए (थकीत) झाल्याची तारीख, थकबाकी, ६० दिवसांची मुदत. साचा तयार, रिकाम्या जागा भरा. चेक बाउन्सच्या फाइलींत चेक परत आल्याचा मेमो कधी आला आणि नोटीस ३० दिवसांत गेली का, एवढंच मोजायचं. ज्यांनी मूट कोर्टात (कॉलेजच्या लुटुपुटुच्या खटल्यांत) घटनापीठापुढे बाजू मांडलीय त्यांचा तेजोभंग होणार, तयारीने जा.

मत बदललं ते एका मराठी जाहिरातीमुळे.

नोटिशीनंतरही पैसे आले नाहीत म्हणून तारण मालमत्तेचा ताबा घेतल्यावर सात दिवसांत ताबा सूचना दोन वर्तमानपत्रांत द्यावी लागते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. आपण पेपरात बघतो तीच, ‘ज्याअर्थी, निम्नस्वाक्षरीकार हे...’ अशी सुरू होणारी, जी कोणीच पूर्ण वाचत नाही. मराठी मजकूर जाहिरात एजन्सी करून पाठवते. आमच्या मॅनेजर मॅडम केरळच्या, कामात अतिशय कडक, पण मराठी वाचता येत नाही. त्यांनी माझ्याकडे कागद सरकवला, ‘जरा देख लो, एक घंटे में भेजना है।’ मी रक्कम तपासली, तारखा तपासल्या, आणि मग मालमत्तेच्या वर्णनावर आले. इंग्रजीत फ्लॅट बी विंगमधला, मराठीत डी विंगमधला. फ्लॅट नंबर तोच. म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी डी विंगमधल्या, वेळेवर हप्ते भरणाऱ्या, बहुधा या बँकेशी काडीचा संबंध नसलेल्या माणसाच्या घराचा बँकेने ताबा घेतलाय असं सगळ्या सोसायटीने चहासोबत वाचलं असतं. आणि खऱ्या कर्जदाराच्या वकिलाला डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात) दाखवायला आयता मुद्दा मिळाला असता.

मॅडमनी दोन्ही कागद शेजारी ठेवून ‘बी’ आणि ‘डी’ ही अक्षरं मला बोटाने दाखवायला लावली. मग म्हणाल्या, आजपासून मराठी सगळं आधी तुझ्याकडे.

‘मराठी सगळं’ म्हणजे सातबारे आणि फेरफार. इथे मला खरी मजा आली. एक प्रस्ताव होता, तालुक्याच्या गावचं बिनशेती जागेवरचं गोडाऊन तारण. सर्च रिपोर्टवर (मालकीच्या कागदांच्या तपासणीवर) ‘निर्वेध’. मी उतारा बघितला तर इतर हक्कांच्या रकान्यात दोन बायकांची नावं. फेरफार काढला: वडील वारले, वारस नोंद, मुलगे मालकी रकान्यात आणि मुली इतर हक्कात. फाइलमध्ये बहिणींचं हक्कसोडपत्र होतं, पण ५०० च्या स्टँपवर नोटरी केलेलं. नोंदणी नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुली वडिलांच्या वारस, आणि स्थावरातला हक्क सोडायचा तर दस्त सब-रजिस्ट्रारकडे नोंदवायलाच हवा. नोटरीच्या लाल शिक्क्याने भागत नाही.

हे मला वर्गात शिकवलेलं आठवलं असं नाही. आमच्या घरच्या उताऱ्यावर दोन्ही आत्यांची नावं याच रकान्यात आहेत आणि दर दिवाळीला फराळानंतर तो विषय निघतो. पॅनल वकिलांना (बँकेने नेमलेल्या बाहेरच्या वकिलांना) विचारणा गेली, प्रस्ताव थांबला. ते वकील सर जरा रागावले, पण पुढच्या आठवड्यात तेच मला कुलाब्याला डीआरटीत घेऊन गेले. मग मी जातच राहिले. तिथे एस.ए. (बँकेच्या कारवाईविरुद्ध कर्जदाराचा अर्ज) आणि ओ.ए. (वसुलीसाठी बँकेचा अर्ज) यातला फरक कळायला एक दिवस लागला, ‘मॅटर रीच होणार नाही’ (आज आपला नंबर लागणार नाही) हे बोर्ड, म्हणजे त्या दिवसाच्या प्रकरणांची यादी, बघून ओळखायला चार. कर्जदार स्वतः आलेला असतो, प्लास्टिकच्या पिशवीत पासबुकं घेऊन, आणि आपण बँकेच्या बाजूच्या बाकावर बसलेलो असतो. त्याची मला शेवटपर्यंत सवय झाली नाही.

इथपर्यंत रविवारी लिहून ठेवलं होतं. आज एचआरशी फोनवर बोलणं झालं आणि १९ दिवसांचा हिशोब लागला, म्हणून पुढचं लिहिते.

हजेरी त्यांनी व्हिजिटर रजिस्टरवरून मोजली! ज्या ११ दिवशी मी परस्पर कुलाब्याला गेले, त्या दिवशी गेटवर नोंद नाही. उरलेले ८ दिवस संध्याकाळी सातनंतर निघाले, तेव्हा रजिस्टर आत गेलेलं असायचं. ‘जाण्याची वेळ’ कोरी, म्हणून दिवस रद्द. म्हणजे हिशोबाने मी त्या आठ दिवशी बँकेत शिरले आणि अजून बाहेर पडलेलीच नाही. एचआरमधला मुलगा बिचारा समजूतदार होता. म्हणाला, सिस्टिममध्ये तुमचं काहीच नाही ना, कार्ड असतं तर पंचिंगची नोंद निघाली असती.

कार्ड असतं तर.

त्याच्यावर ओरडायचं ठरवून फोन केला होता, ते राहून गेलं. मॅडमनी मात्र विचारल्याबरोबर मेल पाठवला, कोणकोणत्या प्रकारच्या फाइली पाहिल्या, कोणती चूक पकडली, सगळं मुद्देसूद, आठ ओळी. मुलाखतीला मी तोच जोडणार आहे. तरी सुधारित सर्टिफिकेटचा अर्ज केलाय, वहीची पानं स्कॅन करून.

जावं का? उतारे वाचता येत असतील तर डोळे झाकून जा, इंग्रजी माध्यमवाले तुमच्याकडे कागद घेऊन येतात हे सुख वेगळंच. फक्त डबा न्या आणि रोज निघताना रजिस्टरच्या पानाचा फोटो काढा.

दुसऱ्या हेलपाट्याला चौथ्या मजल्यावर गेले होते तेव्हा दाराबाहेर एक नवा मुलगा उभा होता, पांढरा शर्ट, काखेत फाइल, काचेवर नखाने टिकटिक करत. मी त्याला म्हटलं, नखाने नाही ऐकू जात, किल्लीने वाजव.